थंडीत पाय चालते ठेवताना: निसरडी वाट आणि पोटरीतल्या शिरा

हिवाळा लागला की माझ्या आईचं चालणं एकेक करून बंद व्हायचं. आधी सकाळचा फेरा जायचा, मग संध्याकाळचा, आणि शेवटी दारापर्यंत जाणंही. "घसरून पडले तर?" असं ती विचारायची, आणि तिची भीती खोटी नव्हती. आम्ही तिला खुर्ची दिली, पांघरूण दिलं, पायांशी हीटर लावून दिला आणि आपण तिला जपतो आहोत या समाधानात राहिलो. तिसऱ्या हिवाळ्यात तिच्या डाव्या घोट्याच्या आतल्या अंगाला तपकिरी डाग उमटला. तिथली कातडी कडक झाली, खाजू लागली. पुढे खुर्चीच्या कडेला लागून साधं खरचटलं, तर ती जखम चार महिने भरली नाही.

त्या चार महिन्यांत ड्रेसिंग करता करता जे शिकावं लागलं, ते या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे. मुख्य सांगणं एकच आहे. थंडीत पडू नये म्हणून घ्यायची काळजी आणि पायाच्या शिरांसाठी घ्यायची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. भीतीपोटी बसून राहिलं की पोटरीतली ताकद जाते, घोटा आखडतो, तोल बिघडतो. त्याने पडण्याचा धोका आणखी वाढतो, आणि तेवढा सगळा वेळ पायात रक्त साचत राहतं. म्हणून सुरक्षित चालणं शिकायचं. चालणं सोडायचं नाही.

आधी पायात काय चालतं ते पाहू

रक्त खाली पायापर्यंत ढकलणं हृदयाला सोपं आहे, ते परत वर आणणं अवघड. उभ्या माणसाच्या घोट्यापासून हृदयापर्यंत साधारण सव्वा मीटरची चढण असते आणि पायाच्या शिरांत येईपर्यंत हृदयाचा जोर जवळजवळ संपलेला असतो. उरलेलं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल टाकताना पोटरी आवळली जाते, तिच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. पोटरी सैल पडल्यावर ते खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी एकेरी झडपा असतात.

या झडपांचं वर्णन इटलीतल्या पादुआ शहरात शिकवणाऱ्या फाब्रिसियसने १६०३ साली छापलं, पण त्या कशासाठी आहेत ते त्याला पुरतं उलगडलं नव्हतं. ते उलगडलं त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे याला, १६२८ मध्ये. त्याचा प्रयोग अगदी साधा होता. दंडाला पट्टी बांधायची, हातावरची शीर फुगू द्यायची आणि तिच्यातलं रक्त बोटाने पंजाच्या दिशेला ढकलून पाहायचं. झडपेपाशी ते अडतं. पायातही हेच घडतं, फक्त तिथे भार कितीतरी जास्त असतो.

किती जास्त, ते आकड्यांत पाहिलं की चालण्याची किंमत कळते. स्थिर उभं असताना घोट्याजवळच्या शिरेतला दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. झडपा चांगल्या असतील तर चालायला लागल्यावर थोड्याच पावलांत तो ३० च्या खाली येतो. झडपा सैल झालेल्या असतील तर चालूनही तो हवा तेवढा उतरत नाही. शीर फुगते, वेडीवाकडी होते. यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. दाब वर्षानुवर्षं तसाच राहिला की रक्तातले घटक झिरपून कातडीखाली जातात, त्यातल्या लोहाचा तपकिरी डाग पडतो, आणि माझ्या आईचं झालं तशी कातडी कमजोर होते.

घराण्यात हा त्रास असणं, गरोदरपण, वाढलेलं वजन, तासन्‌तास उभ्याने करायचं काम, पायात पूर्वी झालेली गुठळी आणि वाढतं वय ही त्याची नेहमीची कारणं. एकदा सैल झालेली झडप व्यायामाने पुन्हा घट्ट होत नाही. पण पोटरी मजबूत ठेवली तर जडपणा, सूज आणि कातडीचं नुकसान बरंच रोखता येतं.

थंडी स्वतः शिरांची वैरीण नाही. गारव्याने शिरा आकसतात, आणि उन्हाळ्यात पाय ठणकणाऱ्या अनेकांना हिवाळ्यात हलकंही वाटतं. नुकसान होतं ते थंडीत आपण जसे वागतो त्याने. आपण जास्त बसतो, पाय हीटरला लावतो, घट्ट बूट घालतो, तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाही. शिवाय पाय दिवसभर कपड्यांत झाकलेले असतात, त्यामुळे काही बिघडलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आईचा डाग आम्हाला किती उशिरा दिसला, याची आठवण मला आजही बोचते.

पहिली पायरी: पाय उघडे करून नीट पाहा

संध्याकाळी, चांगल्या उजेडात, उभं राहून दोन्ही पाय मांडीपासून तळव्यापर्यंत पाहा. मागची बाजू दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा किंवा आरसा धरा. फुगलेल्या शिरा कुठे आहेत, मोज्याच्या काठाचा वळ किती खोल पडतो, घोट्याच्या आतल्या अंगाला कातडीचा रंग बदलला आहे का, कुठे खाज, खपली, भेग आहे का, हे बघा. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरा आणि सोडा. खड्डा तसाच राहिला तर ती सूज आहे. एक फोटो काढून ठेवा आणि महिन्याने त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा काढा. रोज पाहणाऱ्याला न जाणवणारा बदल फोटोत दिसतो.

पाहताना पुढच्या दोन गोष्टी आढळल्या तर व्यायामाचं नंतर बघा.

एक म्हणजे गुठळीची शंका. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, तिथे गरम किंवा लालसर झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजा. तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टर गांभीर्याने घेतात. पण फरक कमी भरला म्हणून जाणं टाळू नका. अशा वेळी पाय चोळायचा नाही, तेल लावून मालिश करायची नाही. सोबत एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडलं, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. तिथे एक मिनिटही न घालवता रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांचा त्रास. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून दुखते आणि थांबलं की थांबते. पाऊल गार, फिकं पडतं. रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटतं. शिरांच्या दुखण्याचं याच्या बरोबर उलट असतं. ते उभं राहिल्यावर वाढतं, चाललं किंवा पाय वर घेतले की कमी होतं. हा फरक आधी ओळखायला हवा, कारण पाय आवळून धरणारे दाबाचे मोजे शिरांना मदत करतात आणि धमन्या अरुंद झालेल्या पायाला इजा करतात. मधुमेह असणाऱ्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी मोजे घेण्याआधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्यावाच.

दुसरी पायरी: पलंगावरून उतरण्याआधीची पाच मिनिटं

थंडीत सकाळी सांधे आखडलेले असतात, झोपेतून घाईने उठल्यावर रक्तदाबही एकदम उतरू शकतो, आणि बरीच पडणी याच वेळी होतात. म्हणून पांघरुणातच सुरुवात करा. चवडे आपल्याकडे ओढा, मग पुढे ढकला. असं वीस वेळा. घोटे दोन्ही दिशांना गोल फिरवा. एकेक गुडघा छातीकडे घ्या. मग कुशीवर वळून हाताच्या आधाराने बसा, पाय जमिनीला टेकवा आणि मिनिटभर तसंच थांबा. डोकं हलकं वाटलं नाही तरच उठा. चपला पलंगापाशीच असू द्या, म्हणजे गार फरशीवर मोज्यांनिशी चालायची वेळ येणार नाही.

रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर एक बारीक दिवा कायम लावून ठेवा आणि त्या वाटेवरचं सुटं पायपुसणं काढून टाका. खर्चाच्या मानाने याएवढा उपयोगी उपाय मला दुसरा माहीत नाही.

तिसरी पायरी: दाबाचे मोजे, नीट घातले तरच

हे मोजे घोट्यापाशी सर्वांत घट्ट असतात आणि वर जाताना हळूहळू सैल होतात. शिरेला बाहेरून आधार मिळतो, सैल झडपांच्या कडा एकमेकींच्या जवळ येतात आणि पोटरीच्या प्रत्येक आवळण्यात जास्त रक्त वर जातं. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात: १५ ते २० सौम्य, २० ते ३० मध्यम, ३० ते ४० जोरदार. मध्यम किंवा त्याहून जास्त दाबाचे मोजे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. माप सकाळी, पाय सुजलेले नसताना द्यायचं. संध्याकाळी माप दिलं तर मोजे सैल निघतात आणि "काही उपयोग नाही" म्हणून कपाटात जाऊन पडतात. आईच्या पहिल्या जोडीचं हेच झालं.

घालायची पद्धत सुरुवातीला जिकिरीची वाटते, आठवडाभरात हात बसतो. वेळ सकाळची, पाय जमिनीवर सोडून सूज येण्याआधीची. पाय पूर्ण कोरडा हवा. मलम रात्रीच लावलेलं असावं. मोजा टाचेपर्यंत उलटा करून घ्या. चवडा आत घाला, टाच टाचेच्या खोबणीत बरोबर बसवा, मग उरलेला भाग थोडाथोडा वर सरकवा. वरून धरून ओढू नका. भांडी घासताना वापरतात तसे रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते आणि नखांनी मोजा फाटतही नाही. शेवटी तळहाताने वरखाली चोळून एकूणएक सुरकुती काढा. गुडघ्याखालचा मोजा गुडघ्याच्या घडीच्या दोन बोटं खाली संपायला हवा. लांब झाला म्हणून वरची कड दुमडली की त्या जागी दुप्पट दाब पडतो आणि मदत करणाऱ्या मोज्याचाच फास होतो.

बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखू लागली तर मोजे लगेच काढा. झोपताना काढायचेच, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. रोज धुवा, सावलीत वाळवा. हीटरवर वाळवले तर ताण जातो. नियमित वापरात साधारण सहा महिन्यांत त्यांचा दाब कमी होतो, तेव्हा नवे घ्या.

हिवाळ्याची एक खास सूचना आहे. हे मोजे गुळगुळीत असतात. नुसते मोजे घालून फरशीवर चालणं म्हणजे पडण्याला बोलावणं. वरून लोकरी मोजे घातले तरी तेही घसरतातच, म्हणून घरातसुद्धा मागून बंद असलेली, रबरी तळाची चप्पल हवी.

चौथी पायरी: बूट आणि काठी

बूट घ्यायला जाताना थंडीत जेवढे मोजे घालणार तेवढे सगळे घालून जा, तेही संध्याकाळी. आत बोटं हलवता आली पाहिजेत. बोटं हलली नाहीत तर पाय गारही पडतात आणि घोट्याची हालचालही अडते. तळ मऊ रबराचा, खोल खाचांचा असावा. कडक प्लॅस्टिकचा तळ गारठ्यात आणखी कडक होऊन सटकतो. टाच रुंद आणि बुटकी हवी. घोट्यावरून जाणारा बूट आधार देतो, पण पोटरीवर आवळून बसणारा उंच बूट शिरांना काचतो. ओले बूट दुसऱ्या दिवशी तसेच घालू नका. शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा.

बर्फ पडतो तिथे बुटाला बाहेरून लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात आणि ते खरोखर उपयोगी आहेत. मात्र घरात किंवा दुकानात शिरताना ते काढायलाच हवेत. बर्फात रुतणारा खिळा गुळगुळीत फरशीवर बर्फासारखाच सरकतो. काढायला बसायची जागा दारातच करून ठेवा, म्हणजे एका पायावर उभं राहून ओढाताण होणार नाही.

काठी वापरत असाल तर तिची उंची तपासा. बूट घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे अनेकांना उलट वाटतं, पण दुखरा पाय आणि काठी एकत्र पुढे गेले की भार वाटला जातो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, आणि एक हात कायम कठड्यावर. काठीचं रबरी बूड झिजून गुळगुळीत झालं असेल तर ते आजच बदला.

पाचवी पायरी: बाहेर पडणं

सकाळी फिरलंच पाहिजे असा हट्ट हिवाळ्यात धरू नका. पहाटे दव, धुकं आणि गोठलेली जमीन असते, आणि गारठ्याने रक्तदाबही चढलेला असतो. ऊन वर आल्यावर निघा. निघण्याआधी घरातच पाच मिनिटं जागच्या जागी पावलं टाका आणि चवड्यांवर उभं राहून पोटरी गरम करून घ्या. हातमोजे घाला. हातांच्या उबेइतकंच त्यांचं दुसरंही काम आहे: हात खिशाबाहेर राहतात, आणि तोल गेला तर सावरायला मोकळे हात लागतात. सामान पाठीवरच्या पिशवीत ठेवा.

ओल्या किंवा गोठलेल्या वाटेवर चालणं वेगळं शिकावं लागतं. नेहमी आपण टाच आधी टेकवतो आणि क्षणभर सगळा भार त्या एवढ्याशा जागेवर येतो. घसरणं बहुतेक तिथेच होतं. निसरड्या जागी पावलं आखूड घ्या, तळवा सपाट टेकवा, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, चवडे जरासे बाहेर वळवा आणि शरीराचा भार पुढच्या पायावर येऊ द्या. पेंग्विनची चाल डोळ्यांसमोर आणली की हे पटकन जमतं. नजर पायाशी न ठेवता दोन-तीन मीटर पुढे ठेवा. वळायचं असेल तर एका पायावर गिरकी न घेता छोट्या पावलांनी गोल फिरा.

जमीन वाचायलाही शिका. सावलीतला भाग आणि पुलावरचा रस्ता सर्वांत आधी गोठतो. नुसता ओला दिसणारा काळा चकचकीत पट्टा पारदर्शक बर्फाचा असू शकतो. बर्फ पडत नाही तिथेही शेवाळलेला दगड, ओला पाचोळा, रस्त्यावरचे लोखंडी झाकण, रंगवलेले पट्टे आणि दाराशी असलेली गुळगुळीत लादी माणसाला आडवं करतात. गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, दाराचा आधार घ्या, मग उठा. घरी पोचल्यावर तर जास्तच सावध राहा. आलो एकदाचे, असं वाटतं आणि ओल्या तळाने कोरड्या फरशीवर पाय सटकतो.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, जी मला बऱ्याच उशिरा समजली. सपाट, आखूड पावलांनी चालताना घोटा कमी वाकतो आणि पोटरी पुरती आवळली जात नाही. म्हणजे सुरक्षित चाल शिरांच्या दृष्टीने अर्धीच असते. उरलेलं अर्धं घरी भरून काढायचं. बूट काढण्याआधी भिंतीला किंवा ओट्याला हात लावून टाचा वीस वेळा उचला, मग आवरायला लागा.

बाहेर जाणं शक्यच नसेल तेव्हा

असे दिवस येतात, आणि त्यांच्यासाठी आधीच ठरवून ठेवलेलं बरं. ओट्याला किंवा जड टेबलाला धरून टाचा उचला: दोन मोजत वर, एक थांबा, तीन मोजत खाली. दहा वेळा झालं की विश्रांती, असे तीन फेरे. खाली येण्याचा वेग हळू ठेवण्यात अर्धा फायदा आहे. मग टाचांवर उभं राहून चवडे उचला. मग हात छातीवर घेऊन खुर्चीतून उठा-बसा, जमेल तितक्या वेळा. मग तोलासाठी एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, आधार हाताशी ठेवून, दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, आणि ६५ च्या पुढच्यांनी त्याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत असं सांगितलं आहे. १५० चा आकडा पाहून दडपू नका. आईने दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटांनी सुरुवात केली होती, आणि तेवढ्यानेही संध्याकाळची सूज कमी झालेली आम्ही टेपने मोजली.

बसून काम असेल तर दर पाऊण तासाने उठा. उठता येत नसेल तर जागेवरच चवडे-टाचा आळीपाळीने उचला. उभ्याने काम असेल तर भार एका पायावरून दुसऱ्यावर नेत राहा. दिवसातून तीन-चार वेळा आडवं होऊन पाय छातीच्या पातळीपेक्षा वर, पंधरा मिनिटं उशांवर ठेवा. खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवलेले पाय छातीच्या खालीच राहतात. त्याने बरं वाटतं, पण सूज फारशी उतरत नाही. हृदयाचा त्रास असून आडवं झाल्यावर दम लागत असेल तर हे डॉक्टरांना विचारून करा.

ऊब, पाणी आणि कातडी

पाय गार पडले की हीटरपाशी न्यावेसे वाटतात. पण थेट उष्णतेने कातडीजवळच्या शिरा फुलतात आणि सूज वाढते. रोज एकाच जागी शेकलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. मधुमेहाने पाय बधिर असतील तर गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेलंही कळत नाही. पायांऐवजी सगळ्या अंगाला ऊब द्या: सैल कपड्यांचे थर, डोकं झाकलेलं, कोरडे मोजे. धड उबदार राहिलं की रक्त आपोआप पायांकडे जातं. आंघोळीचं पाणी कोमट ठेवा आणि शेवटी पायांवर थोडं गार पाणी सोडा. बोटं लाल होऊन सुजली, खाजली तर ती एकदम शेकू नका, हळूहळू ऊब येऊ द्या.

पाणी ठरवून प्यावं लागतं. लघवी फिकट पिवळी असली तर ठीक चाललं आहे असं समजा. ज्यांना हृदयासाठी किंवा मूत्रपिंडांसाठी पाणी मोजून दिलेलं आहे त्यांनी तोच आकडा पाळावा.

कातडीला रोज रात्री साधं, बिनवासाचं मलम लावा, वरून खाली हलक्या हाताने. बोटांच्या मध्ये लावू नका, तिथे ओल राहून चिखल्या होतात. घोट्याजवळची खाज ही नुसती कोरडी कातडी नसून शिरांमुळे झालेलं इसब असू शकतं. खाजवून झालेल्या ओरखड्यापासूनच पुढे जखम होते. दोन आठवड्यांत न भरणारी कुठलीही जखम डॉक्टरांना दाखवा. आम्ही दोन महिने वाट पाहिली, तशी तुम्ही पाहू नका.

शीर फुटली किंवा पडलात तर

फुगलेल्या शिरेवरची कातडी पातळ असते आणि थोड्याशा धक्क्याने रक्ताची धार लागू शकते. ते दृश्य भयंकर असतं, पण थांबवणं तुमच्या हातात आहे. लगेच आडवे व्हा, पाय छातीच्या वर उचलून धरा, स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबा आणि मध्ये उचलून न पाहता दहा मिनिटं तसंच ठेवा. मदतीला हाक मारा. वर दोरी किंवा फडकं आवळून बांधू नका. रक्त थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवा. थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उभं राहून किंवा खुर्चीत बसून रक्त पुसत राहणं ही यातली सर्वांत धोक्याची चूक आहे.

पडलात तर ताबडतोब उठू नका. आधी श्वास घ्या, डोकं, कंबर, मनगट दुखतंय का बघा. पाय हलत नसेल किंवा खुबा दुखत असेल तर उठायचंच नाही. अंग झाकून घ्या आणि मदत बोलवा. ठीक असाल तर कुशीवर वळा, हातांवर-गुडघ्यांवर या, रांगत जवळच्या भक्कम खुर्चीपर्यंत जा, तिच्यावर हात टेका, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवा आणि वळून खुर्चीत बसा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर काही वाटत नसलं तरी दवाखान्यात जा. फोन टेबलावर ठेवू नका, अंगावर ठेवा. टेबलावरच्या फोनपर्यंत जमिनीवरून हात पोचत नाही.

लांबचा प्रवास आणि डॉक्टरांची भेट

चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून केलेल्या प्रवासाने गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. निरोगी माणसासाठी तो दुप्पट धोकाही थोडाच असतो. पण पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, गरोदरपण किंवा कर्करोग असेल, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. प्रवासात दर तासाला घोटे हलवा, शक्य तेव्हा उठा, पायांपुढची जागा सामानाने भरू नका.

शिरांची तपासणी सोनोग्राफीच्या डॉप्लर पद्धतीने होते. ती दुखत नाही, आणि कुठल्या झडपेतून रक्त मागे येतं ते त्यात दिसतं. बिघडलेली शीर लेझरने किंवा रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतून बंद करता येते, काही शिरांत औषधाचं इंजेक्शन देतात, क्वचित शीर काढावी लागते. बहुतेक वेळा हे तेवढीच जागा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी चालवतात. ती शीर बंद झाली तर रक्त जाणार कुठून, असं आईने विचारलं होतं. पायातलं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच वर जातं, आणि बंद करतात ती कातडीजवळची असते. उपचारांनंतर काही दिवस दाबाचे मोजे घालायला सांगतात. उन्हाळ्यातल्या घामापेक्षा थंडीत ते सुसह्य होतात, म्हणून वेळ निवडता येत असेल तर हिवाळा सोयीचा.

भेटीला जाताना फोटो, पोटरीच्या घेराचे आकडे आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात, म्हणून यादी दाखवाच. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. पाय उघडे करता येतील असे सैल कपडे घाला. भेट शक्यतो दुपारनंतरची घ्या, तेव्हा सूज असते तशी दिसते.